पडलो की पडले?

मैत्रिणींनो, एक गंमत करून बघा. आज संध्याकाळी देवापुढे दिवा लावलात, की नवरात्रात आपण म्हणतो ती दुर्गेची आरती झांज, टाळ्या, घंटा काहीही न वाजवता म्हणा. नुसती, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. दुसऱ्या कडव्यापर्यंत पोचाल तेव्हा तुमच्या तुम्हीच थांबाल आणि म्हणाल, "अगं बाई, हे आपण म्हणतोय तरी काय?"

माझं तसंच झालं. मराठी घेऊन बी. ए. झालेली मी. एका शाळेत आठवड्यातून तीन दिवस अर्धवेळ मराठीचे तास घेते. दुसऱ्यांच्या मुलांना ऱ्हस्वदीर्घावरून टोकते. पण गेल्या वर्षापर्यंत या आरतीतल्या 'चारी' या शब्दाचा अर्थ मी चारी दिशा असा धरून चालले होते आणि 'साही' म्हणजे काय, हा प्रश्नच मला कधी पडला नव्हता. लहानपणी वाईला आमच्या आळीतली मुलं 'शाई' म्हणायची. देवीच्या आरतीत शाई कशी आली, असं कोणी विचारलं नाही. आरती जोरात चाललेली असायची, खोबऱ्याच्या वाटपाकडे डोळा असायचा, मग शाई काय आणि साही काय!

आरत्या आपण वाचून शिकत नाही, ऐकून शिकतो. अक्षरओळख होण्याआधी त्या पाठ झालेल्या असतात. त्यामुळे शब्द घासून घासून गुळगुळीत होतात, आणि आपल्या ओळखीचा एखादा शब्द त्याच्या जागी येऊन बसतो. गणपतीच्या आरतीत त्याच्या अंगाला शेंदूर माखलेला आहे. ती उटी. आपण तिची 'ओटी' करतो, जणू गणपतीला कोणी माहेरवाशीण म्हणून बोलावलं आहे. त्याच आरतीत त्याने पोटाला नाग बांधला आहे, म्हणून तो फणिवरबंधन. तिथे आपण खुशाल 'वंदना' करून मोकळ्या होतो. गणपती हसून सोडून देत असेल. लेकुरवाळ्यांचा देव तो.

पण मला आज सांगायचं आहे ते देवीच्या आरतीतल्या एकाच क्रियापदाबद्दल.

आमचं घर टेंभी नाक्याच्या मागच्या गल्लीत. नवरात्र म्हटलं की ठाण्यात टेंभी नाका, हे तुमच्यापैकी ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या मैत्रिणींना सांगायला नको. आनंद दिघे यांनी सुरू केलेला हा देवीचा उत्सव ते २००१ साली गेल्यानंतरही तेवढ्याच गर्दीने चालू आहे. बाहेरच्यांना रोषणाई दिसते, आम्हाला दिसतात त्या अडचणी. नऊ दिवस दारापर्यंत रिक्षा येत नाही. फुलं, विड्याची पानं, केळी जांभळी नाक्यावरून सकाळी सातच्या आत आणून ठेवायची, नाहीतर दुपारी गर्दीतून पिशवी डोक्यावर धरून यावं लागतं. रात्री लाऊडस्पीकर बंद झाला तरी कानात चालूच असतो. आणि तरीही दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मांडव सुना दिसला की सगळ्यांची तोंडं उतरतात. माझंसुद्धा.

घरात सासूबाईंचा घट असतो. परडीत काळी माती, तिच्यात पेरलेलं धान्य, मध्ये मातीचा घट, विड्याची पानं, नारळ, वर रोज एकेक माळ आणि शेजारी अखंड दिवा. संध्याकाळी आधी घरची आरती, मग नाक्यावरच्या देवीचं दर्शन, हा त्यांचा नेम. सासूबाई पाटण तालुक्यातल्या. शाळा जेमतेम चौथीपर्यंत. पण आरत्या, ओव्या, कहाण्या असं सगळं तोंडपाठ. आवाज किंचित बसका, पण सुरात.

माझ्या लग्नानंतरचं तिसरं वर्ष होतं. अष्टमीला नणंदेच्या सासरची सात-आठ माणसं आलेली. घर भरलेलं. आरती सुरू झाली. पहिल्या कडव्याच्या शेवटी सासूबाईंनी नेहमीसारखं 'पडले' म्हटलं. छापील आरतीत तिथे 'पडलो' आहे. आरती संपल्यावर, ताम्हन फिरत असताना, मी हसत हसत म्हटलं, "आई, ते 'पडलो' आहे बरं का, 'पडले' नाही. पुस्तकात बघा." वर आणखी असंही म्हटलं की अशानं मुलं चुकीचंच शिकतात. नणंदेचे सासरे मोठ्याने हसले. "सूनबाई मास्तरीण आहेत, आता सांभाळून म्हणा विहीणबाई!" सगळेच हसले. सासूबाई म्हणाल्या, "असेल बाई," आणि प्रसाद वाटायला वळल्या.

मी ते विसरून गेले. विसरून गेले म्हणजे किती, तर पुढची नऊ वर्षं मला त्यातलं काहीही आठवलं नाही.

गेल्या वर्षी तिसऱ्या माळेच्या दिवशी शाळेत सातवीवर मोकळा तास आला. मुलांना म्हटलं, चला, नवरात्र आहे, आज देवीच्या आरतीचा अर्थ लावू. सहज बोलून गेले खरी, पण आदल्या दिवशी माझी धांदल उडालेली होती, कारण मलाच अर्थ ठाऊक नव्हता. घरातलं जुनं आरतीचं पुस्तक काढलं, आणि आमच्या ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात जाऊन शब्दकोश पुढ्यात घेऊन बसले. हे संग्रहालय १८९३ सालचं. इतक्या वर्षांत तिथे आरतीचा अर्थ शोधायला आलेली मी काही पहिली नसेन.

तर अर्थ असा. कवी सुरुवातीलाच 'दुर्गा' आणि 'दुर्घट' हे दोन शब्द शेजारी ठेवतो. दुर्गा म्हणजे जिच्यापर्यंत पोचणं अवघड अशी. किल्ल्याला आपण दुर्ग म्हणतो तो त्याच अर्थाने. दुर्घट म्हणजे घडायला अवघड. तुझ्यावाचून संसार दुर्घट आहे, असं तो म्हणतो. संसार म्हणजे इथे जन्ममरणाचा फेरा, पण आपल्याला भांडीकुंडी, फी आणि दुधाचं बिलच आठवतं, आणि तेही काही चूक नाही. पुढे 'वारी' येतं. ती पंढरीची वारी नव्हे. वारणे म्हणजे दूर करणे, निवारण्यातलं वारणे. आणि कडव्याच्या शेवटी 'हारी' पडणं. हा शब्द पुष्कळजण 'हरी' असा म्हणतात. देवीच्या आरतीत मध्येच हरी येऊन पडतो! हार म्हणजे पराभव. हारी पडणं, हारीस येणं म्हणजे आता आपल्याच्याने काही होत नाही अशी गत होणं.

ध्रुवपदाबद्दल फार सांगत नाही. महिषासुराला मारणारी आणि संजीवनी देणारी अशा दोन्ही रूपांनी तिला एका दमात हाक मारली आहे, एवढं लक्षात घेतलं तरी पुरे.

खरी मजा दुसऱ्या कडव्यात आहे. आपण 'चारीठाव स्वयंपाक' म्हणतो ना, त्यातलं हे 'चारी'. तिन्ही, चारी, पाची, तसंच साही. म्हणजे सहाच्या सहा. पूर्वीच्या माणसांना चार म्हटलं की वेद आणि सहा म्हटलं की शास्त्रं हे सांगावं लागत नसे. आपल्याकडे चार वेद, सहा शास्त्रं, अठरा पुराणं अशी मोजदादच आहे. तर कवी म्हणतो, तुझं वर्णन करता करता चारी वेद दमले आणि त्यांच्याच्याने बोलवेना. सहा शास्त्रं, म्हणजे सांख्य, योग, न्याय, वैशेषिक, मीमांसा आणि वेदान्त, ती तुझ्याबद्दल वाद घालायला बसली आणि वाद घालता घालताच वाहून गेली. डोळ्यांपुढे आणा हं! नदीला पूर आलाय, काठावर सहा विद्वान हातवारे करताहेत, आणि बोलता बोलता सहाही जण पाण्यात. आणि जी यांच्या हाती लागली नाही, ती भक्ताला मात्र पावते. कशी? लवलाही. लवलाही म्हणजे झटकन, लगेच.

शेवटच्या कडव्यात तो तिला क्लेशांतून सोडवायला सांगतो, भवाचे पाश तोडायला सांगतो, आणि आपलं नाव घालतो नरहरी. तो कुठे लीन झाला आहे, तर तिच्या चरणकमळाच्या लेशात. लेश म्हणजे कण. अख्खी पावलं मागत नाही हो, एका कणावर भागवतो. मला स्वतःला हा शब्द फार आवडला.

मुलांनाही वाहून गेलेले पंडित आवडले. तेवढ्यात शेवटच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला.

"बाई, हारी पडलो म्हणजे कोण पडलो?"

"कवी. नरहरी. त्याचं नाव आहे की शेवटी."

"पण मग मी म्हणते तेव्हा मी पडते का नरहरी पडतो?"

वर्ग हसला. मीही हसले आणि "उद्या सांगते" म्हणून सुटका करून घेतली. आम्हा शिक्षकांचं ते हुकमी उत्तर आहे.

घरी येताना तेच डोक्यात. आपल्याकडे पुरुषांनी बाईच्या तोंडून गायलेलं कितीतरी आहे. ज्ञानेश्वरांच्या विराण्या विरहिणीच्या तोंडच्या. सोळाव्या शतकातल्या एकनाथांनी तर भवानीआईला रोडगा बोलणारी सासुरवाशीण भारुडात उभी केली. ती एकेक करून सासरा, सासू, जाऊ, नणंद यांना वाटेतून दूर कर म्हणून देवीला साकडं घालते. आतला अर्थ निराळा, अहंकार आणि विकार दूर व्हावेत असा, पण ऐकताना आपल्याला पहिला अर्थच आधी कळतो, हे कबूल करा! नाथांना सून होता आलं. ज्ञानोबांना विरहिणी होता आलं. मग आपण बायका वर्षानुवर्षं 'पडलो' म्हणतो, तर आपल्याला नरहरी व्हायला काय हरकत आहे, असं उत्तर मी मनाशी तयार केलं. वर्गात खपण्यासारखं होतं.

त्या संध्याकाळी आरतीच्या आधी मी घरात हा किस्सा सांगितला. माझी मुलगी नऊ वर्षांची. ती पटकन म्हणाली, "आजी तर तिथे काहीच म्हणत नाही."

"म्हणजे?"

"त्या ओळीला आजी गप्प बसते. नुसती झांज वाजवते. रोज. तू बघ."

मी बघितलं. पहिलं कडवं सुरू झालं. सासूबाईंचा आवाज होता, होता, आणि शेवटच्या ओळीला नव्हता. ओठ मिटलेले. झांज चालू. ध्रुवपदाला आवाज पुन्हा आला. नऊ वर्षं मी शेजारी उभी राहून आरती म्हणत होते, आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्या क्षणी मला ती अष्टमी आठवली. विहीणबाई, सांभाळून म्हणा.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या वरीचे तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी समोर बसले, थोडे तांदूळ माझ्याकडे ओढून घेतले आणि विचारलं. वाटलं होतं, "छे गं, तसं काही नाही," म्हणतील. त्या म्हणाल्या, "तू म्हणालीस 'पडलो' आहे म्हणून. पुस्तकात असेल तर खरंच असणार. पण 'पडलो' म्हटलं की ती मी नाही असं वाटतं. आणि 'पडले' म्हणावं तर चूक. म्हणून गप्प बसते."

मग त्यांनी सांगितलं. एवढ्या वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं, यांनीसुद्धा नाही. यांना तरी कुठून ठाऊक असणार, यांचा जन्म नंतरचा.

सासरे मुंबईत गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, हे मी वाचलेलं. तो संप रीतसर मिटला असं कधी झालंच नाही, हेही वाचलेलं. पण त्या अडीच लाखांतला एक माणूस या आमच्याच खोलीतून रोज डबा घेऊन निघायचा, हे मी कधी त्या वाचण्याशी जोडलं नव्हतं. चार-पाच महिन्यांनी सासरे गावी गेले, शेतावर काही मिळतं का बघायला. इथे सासूबाई आणि दोन वर्षांची नणंद. सासूबाई साड्यांना फॉल लावून द्यायच्या, कोणाची भाजणी करून द्यायच्या. वाण्याची उधारी थांबली. नवरात्र आलं.

"घट बसवला," त्या म्हणाल्या. "माती फुकट मिळते. धान्य मूठभर लागतं. पण अखंड दिव्याला नऊ दिवसांचं तेल कुठून आणणार? घरात वाटीभर गोडं तेल होतं. त्यातच पोरीची भाजी. मग आरतीपुरता दिवा लावायचे. आरती झाली की फुलाने वात शांत करायची. शेजारीण दिसली तर दार लोटून घ्यायची, दिवा नाही हे कळू नये म्हणून. घटाजवळचा दिवा आपल्या हाताने विझवायचा म्हणजे..." पुढे त्या बोलल्या नाहीत. ताटातला एक खडा बाजूला काढला. "आई माझी 'पडले' म्हणायची, तेच मी म्हणायचे. पण त्या वर्षी ते आरती म्हणून नाही म्हटलं. सांगितलं देवीला."

मला काय बोलावं कळेना. "मग?" म्हटलं.

"मग काय. पुढच्या वर्षी तुझ्या सासऱ्यांना वागळे इस्टेटीत एका कारखान्यात काम मिळालं. पगार आधीच्या निम्मा."

"आई, आरतीत लवलाही म्हटलंय. लवलाही म्हणजे लगेच."

"सहा-आठ महिने म्हणजे लगेचच म्हणायचं. आमच्या ओळखीत कितीजणांना कधी मिळालंच नाही."

थोड्या वेळाने त्यांनी आपणहून विचारलं, "आणि ते चारी नि साही काय गं? काल पोरीला सांगत होतीस ते." मी सांगितलं. वेद दमले, शास्त्रं वाद घालता घालता पुरात गेली. त्या ऐकत होत्या. मग पदर तोंडाला लावून अशा हसल्या की ताट हललं.

"म्हणजे शिकलेले सगळे वाहून गेले म्हण की!"

मैत्रिणींनो, मी बी. ए. आहे हे त्या विसरल्या नव्हत्या. मीही हसले, पण मला कुठे लागायचं तिथे लागलं.

आता तुम्ही विचाराल, मग बरोबर काय? शाळेत विचाराल तर मी 'पडलो'च सांगेन. नरहरीने तसं लिहिलंय, त्याच्या शब्दाला हात लावण्याचा मला अधिकार नाही, आणि उद्या कोणी पुस्तकात 'पडले' छापू लागलं तर मी पहिली तक्रार करीन. त्या मुलीलाही मी तसंच सांगितलं. वर एवढंच म्हटलं की घरी देवीपुढे तू म्हणशील तेव्हा तुझं तू ठरव. ती म्हणाली, "म्हणजे दोन्ही बरोबर?" मी म्हटलं, "परीक्षेत एक." तिला ते फारसं पटलेलं दिसलं नाही.

त्या संध्याकाळी आरतीला मी मुद्दाम 'पडले' म्हटलं. माझ्या मुलीनेही म्हटलं, माझ्यापेक्षा मोठ्याने. सासूबाई गप्पच. पाचव्या माळेलाही गप्प. मी बोलले नाही. आधी बोलून एकदा घोळ घातलाच होता. सहाव्या माळेला नाक्यावर ढोल चालू होते, खिडकीच्या काचा थरथरत होत्या, त्यामुळे आम्ही सगळेच ओरडून म्हणत होतो. पहिलं कडवं संपता संपता तो बसका आवाज माझ्या उजव्या बाजूने आला. पुरा. मी झांजेकडेच बघत राहिले.

अष्टमीला नणंदेच्या सासरची मंडळी आली, दरवर्षीसारखी. आरती झाली. त्यांच्यातल्या एका नव्या सुनेनं, बिचारीनं अगदी सरळ मनानं, मला विचारलं, "वहिनी, ते 'पडलो' आहे ना? आमच्याकडे पुस्तकात तसं आहे."

"पुस्तकात तसंच आहे," मी म्हटलं. "आमच्या घरी 'पडले' म्हणतात."

नणंदेचे सासरे या खेपेला काही बोलले नाहीत. सासूबाई तेव्हा प्रसादाच्या वाट्या भरायला आत गेल्या होत्या.